ब्रॉक प्रेमात पडतो तो सुट्टीचा एपिसोड परत बघितल्यावर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, कारण त्यात तीन प्रश्न एकात एक अडकलेत. लहानपणी शाळेतून आल्यावर कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन ही जपानी कार्टून मालिका बघायचात, त्यातला एक एपिसोड डोक्यात बसला होता. समुद्रकाठचं गाव, कड्यावर उभी असलेली बाई, तिच्यापायी वेडा झालेला ब्रॉक, म्हणजे हिरो ऍशचा मोठा मित्र, आणि शेवटी दिव्यांची जत्रा. तेव्हा तुम्हाला तो सगळ्यात रोमँटिक एपिसोड वाटायचा. आता मे महिन्यात सात वर्षांच्या मुलीला मुद्दाम लावून दिला तर तिला रोमँटिक बिमँटिक काही वाटलं नाही, ती मुंगसाला हसली, भुताला घाबरून उशीमागे गेली आणि संपल्यावर विचारलं की ती बाई अजून वाट बघते का, आणि तुम्हाला उत्तर आलं नाही. शिवाय तुम्ही आणि मित्र मिळून नाशिकच्या मुलांवर छोटी कार्टून सिरीज करताय आणि त्यात असाच सुट्टीतल्या प्रेमाचा एक एपिसोड घालायचाय, तर घालावा का.

मी अठरा-एक वर्षं स्टोरीबोर्ड करतेय, म्हणजे कार्टूनचा प्रत्येक शॉट आधी चित्रांत मांडून देते, आधी मुंबईत, मग पुण्यात, आता गंगापूर रोडवर घरातूनच, त्यामुळे मी हे बोर्डवाल्याच्या बाजूने सांगणार. बालमानसशास्त्र वगैरे माझा प्रांत नाही. आणि बऱ्याच गोष्टी पोरावर अवलंबून असतात हे आधीच मान्य करते. सात वर्षांची आणि अकरा वर्षांची मुलगी हे दोन वेगळे प्रेक्षक आहेत, एकटीने मोबाईलवर बघितलं की बाबाच्या मांडीवर बसून बघितलं यानेही फरक पडतो, आणि घरात भुताच्या गोष्टी सांगणारी आजी असेल तर अजून वेगळं (आमच्याकडे होती).

मी तुमच्यापेक्षा थोडी मोठी. भारतात पोकेमॉन २००३ ला आलं तेव्हा मी कॉलेजात जाण्याच्या बेतात होते आणि धाकट्या भावासोबत बघायचे, म्हणजे बघत नाही असं दाखवून बघायचे. हा एपिसोड मागच्या आठवड्यात परत काढून बघितला, दोनदा.

तर पहिली गोष्ट. मला विचाराल तर तो एपिसोड प्रेमाबद्दल नाहीच्चे. तो सुट्टी संपण्याबद्दल आहे. जपानमध्ये तो पहिल्यांदा दाखवला १२ ऑगस्ट १९९७ ला, मालिका एप्रिलमध्ये सुरू झाली त्यातला हा विसावा. तिकडे शाळेची उन्हाळी सुट्टी साधारण जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत असते आणि ऑगस्टच्या मध्यात, १३ ते १६ च्या आसपास बहुतेक ठिकाणी ओबोन असतो, म्हणजे पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि मग त्यांना पाण्यावर कागदी कंदील सोडून परत पाठवायचं. आता विचार करा, टीव्हीसमोर बसलेल्या जपानी पोराची सुट्टी अर्धी उडालीये, दोन-अडीच आठवडे राहिलेत, गृहपाठाला हात लावलेला नाही, घरात पितरांची तयारी चालू आहे, आणि कार्टूनमध्ये ऍश, त्याची मैत्रीण मिस्टी आणि ब्रॉक बोटीतून एका गावात उतरतात तो दिवस कोणता, तर सुट्टीचा शेवटचा दिवस. पोराच्या पोटात तिथेच खड्डा पडतो. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वह्यांना ब्राऊन पेपरची कव्हरं घालताना पडायचा ना, तोच.

हे हिंदी डबमध्ये बघणाऱ्या आपल्यापर्यंत कुठून पोचणार. आपण ते कधीही बघितलं, चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. म्हणून आपल्या लक्षात राहिली ती फक्त बाई.

पण नाशिकच्या माणसाला तो शेवट समजायला जड जायला नको. मी पंचवटीत वाढले. पितृपक्षात रामकुंडावर काय गर्दी असते ते रोज शाळेत जाताना बघितलंय, आणि त्रिपुरी पौर्णिमेला गोदाघाटावर द्रोणातले दिवे पाण्यात सोडलेत, ते वाहत वाहत गाडगे महाराज पुलाकडे जायचे आणि आमचा वाद चालायचा की कोणाचा आधी विझला. माझ्या भावाने तो एपिसोड बघितला तेव्हा शेवटच्या दिव्यांना तो लगेच म्हणाला होता, अरे हे तर त्रिपुरी. त्याला कोणी समजावलं नव्हतं. तुम्ही मुलीला एकदा संध्याकाळी घाटावर नेऊन आणा आणि मग तो शेवट परत दाखवा, बघा काय म्हणते.

दुसरी गोष्ट, आणि ही माझ्या धंद्यातली. प्रेमात पडतं कोण? ब्रॉक. आणि टीम रॉकेट या खलनायकांच्या टोळीतला जेम्स. ऍश दहा वर्षांचा, तो पडत नाही. मिस्टी पडत नाही. कॅमेरा बहुतेक वेळ कोणाबरोबर उभा आहे ते आवाज बंद करून बघा, मी नेहमी तसंच बघते. आपण ऍश आणि मिस्टीच्या शेजारी उभे राहून ब्रॉककडे बघतो. म्हणजे मोठ्या माणसाला काहीतरी झालंय, तो जेवत नाही, ऐकत नाही, रात्रभर बाहेर राहतो आणि सकाळी दगडासारखा बसलेला सापडतो. सात वर्षांच्या पोराला प्रेम असंच दिसतं ना खऱ्या आयुष्यात पण? काकाला काय झालंय कळत नाही, फोन घेऊन गच्चीवर जातो, आजी ओरडते. तो आतला माणूस पोराला कळायचं वय नाही, बाहेरून दिसणारा वेडेपणा कळतो. म्हणून तो एपिसोड टिकतो, आणि म्हणूनच तुमची मुलगी कंटाळली नाही. ती घाबरली, हसली, पण उठून गेली नाही ना? तुम्ही तरी तसं लिहिलेलं नाही.

यात ब्रॉकची एक गंमत आहे जी बोर्ड करणाऱ्याला हमखास दिसते. त्याला डोळे नाहीत. म्हणजे आहेत पण नुसत्या दोन रेघा. आणि ॲनिमेशनमध्ये प्रेम दाखवायचं सगळं सामान डोळ्यांत असतं, बुबुळ मोठं करायचं, त्यात चमक टाकायची, ती चमक थरथरवायची, झालं. ब्रॉकला हे काहीच करता येत नाही! मग गालावरचा लाल रंग, ढिले पडलेले खांदे, अर्धवट उघडं तोंड, चालताना पुढे झुकलेलं अंग, यावर सगळं काम काढायचं. त्यामुळे ब्रॉक प्रेमात पडला की तो आपोआप विनोदी दिसतो आणि थोडा केविलवाणा पण. दुसरा कुठला गोल डोळ्यांचा हिरो तिथे असता तर तो सीन खरा रोमँटिक झाला असता आणि पोरं पाणी प्यायला गेली असती.

आता ती कड्यावरची बाई तुम्हाला एवढी सुंदर का आठवते तेही सांगते, थोडा मूड जाईल. स्वस्त असतं ते. सेकंदाला २४ फ्रेम, जपानी टीव्हीवाले एक चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. २२ मिनिटांचे १,३२० सेकंद, गुणिले ८ केलं तरी १०,५६० चित्रं होतात. एवढी टीव्हीच्या एका भागाला कोणी काढत नाही, तीन-चार हजारात भागवतात, आणि त्या काळात तर प्रत्येक चित्र सेलवर, म्हणजे पारदर्शक शीटवर, हाताने रंगवायचं. मग बचत कुठे करायची? मारामारीत करता येत नाही, तिथे हललंच पाहिजे. बचत करायची ती प्रेमात. बाई उभी, एकच चित्र, केसांची तीन चित्रांची लूप, मागचं आकाश हळूच सरकवायचं, संगीत टाकायचं, दहा सेकंद सुटले. आम्ही पण हेच करतो, बजेट संपत आलं की डायरेक्टर म्हणतो जरा इमोशनल घ्या इथे. तर ती स्थिर उभी राहिलेली बाई, आजूबाजूला सगळे पळत असताना एकटीच न हलणारी, ती डोक्यात बसणारच. आणि गोष्टीतही ती काय आहे, तर दोन हजार वर्षं लढाईवर गेलेल्या माणसाची वाट बघून बघून दगड झालेली. बजेटची अडचण आणि गोष्ट इतकी एकात एक बसलेली मी फार कमी वेळा बघितलीये.

पुढे कळतं की ब्रॉकला दिसलेली बाई म्हणजे गॅस्टली नावाचा, रूप बदलणारा भुताळी पोकेमॉन (पोकेमॉन म्हणजे या मालिकेतले शक्तिवाले प्राणी), आणि भुतापासून वाचायच्या चिठ्ठ्या विकणारी म्हातारी पण तोच. आधी घाबरवायचं मग ताईत विकायचा. तीर्थक्षेत्रात वाढलेल्या माणसाला हा सीन बघून किती हसू येतं ते मी सांगायला नको. मग मारामारी, तो ऍशच्या उंदरासारख्या पिकाचूसमोर उंदराचा सापळा होतो, एकान्स या सापासमोर मुंगूस होतो, पोरं खूश.

तुम्ही लिहिलंय की शेवटी ऍश आणि मिस्टी नाचतात तो भाग तुम्हाला बराच मोठा आठवत होता आणि आता बघितला तर जेमतेम काही सेकंदच निघाला. हो, तेवढाच आहे. मिस्टी युकाता, म्हणजे उन्हाळी किमोनो, घालून येते, ऍशला नाचायला बोलावते, बास. कोणी कोणाला काही म्हणत नाही. बाकीचा तुम्ही डोक्यात काढलाय, वीस वर्षं. मी नवीन मुलांना बोर्ड शिकवते तेव्हा सांगते की असा एक शॉट ठेवा आणि लगेच कापा, पुढचं प्रेक्षक फुकटात काढून देतो.

आता माझीच एक फजिती सांगते म्हणजे तुमच्या एपिसोडचं बोलता येईल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्टुडिओसाठी, नाव सांगत नाही, अकरा मिनिटांचा भाग बोर्ड केला होता. नऊ वर्षांचा मुलगा सुट्टीत मामाच्या गावाला जातो आणि शेजारच्या मुलीवर त्याचं मन बसतं. मी जीव ओतून काढलं, झोका, विहीर, उन्हात वाळत घातलेल्या कुरडया, ती वळून बघते, स्लो मोशन, दीड मिनिट. ॲनिमॅटिक, म्हणजे बोर्डाची चित्रं ओळीने लावून केलेला कच्चा व्हिडिओ, घेऊन एका शाळेत तिसरी-चौथीच्या तीसेक पोरांना दाखवला. स्लो मोशन सुरू झालं आणि एकाने हात वर केला, बाई पाणी पिऊन येऊ? मग सगळ्यांनाच तहान लागली. एक मुलगी मात्र बसून होती, तिने नंतर विचारलं की त्या दादाला बरं नाहीये का. आणि शेवटी एसटी सुटताना मामी खिडकीतून पापडाचा डबा आत देते आणि गाडी हलते, तो सीन मी घाईत काढला होता, वीस सेकंदाचा, तिथे वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. दोघं तर रडलीच.

परत येऊन आम्ही ते मन बसलेलं प्रकरण काढून मोठ्या मामेभावाला दिलं आणि वीस सेकंदावर आणलं, एसटीला दीड मिनिट दिलं. डायरेक्टर माझ्यावर आठवडाभर चिडून होता कारण गाणं कापलं गेलं. पण तेव्हापासून माझा ठोकताळा एकच आहे, मुलांच्या गोष्टीत प्रेम मोठ्याला द्यायचं, नजर लहानाची ठेवायची, आणि रडू निरोपाला ठेवायचं. याला अपवाद असतील, बारा-तेराच्या पुढच्या मुलांसाठी लिहीत असाल तर हे सगळं उलटं पण होऊ शकतं. तुम्ही सहा ते नऊ वर्षं म्हटलंय म्हणून सांगतेय.

ब्रॉकबद्दल तुम्ही जे विचारलंय, की गावोगावी भेटणाऱ्या प्रत्येक नर्स जॉय आणि पोलीस ऑफिसर जेनीच्या मागे लागतो ते आता खटकतं, मुलीला चुकीचं शिकवतं का. मलाही खटकतं, खोटं का बोलू. बचावाचा एक मुद्दा आहे, की हसू कायम ब्रॉकचंच होतं, मुलींचं नाही. मिस्टी कान धरून ओढते, पुढच्या सीझनमध्ये मॅक्स नावाचा छोटा मुलगा ओढतो, त्याच्याही पुढे ब्रॉकचाच पोकेमॉन क्रोगंक येऊन विषारी फटका देतो आणि हा आडवा. म्हणजे लिहिणाऱ्यांनाच कळत होतं की याला कोणीतरी आवरायला पाहिजे. पण तोच जोक इतकी वर्षं चालवला की शिक्षेचं काही वाटेनासं होतं आणि फक्त सवय उरते. मी भाच्याबरोबर बघते तेव्हा बंद करत नाही, एवढंच म्हणते की अरे त्या बाईला कामावर उशीर होतोय ना. त्याला ते पटतं, कारण कामावर उशीर होणं त्याने घरात बघितलंय. सलग दहा भाग मात्र मी लावणार नाही.

आता तुमचा एपिसोड. तुम्ही लिहिलंय की सोळा वर्षांचा दादा, सुट्टीत मुंबईहून आलेली मुलगी, सोमेश्वरचा धबधबा, शेवट त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर. दादा ठीक. सोमेश्वर मे महिन्यात घेऊ नका, पाणीच नसतं बऱ्याचदा, पोरं लगेच पकडतील. आणि त्रिपुरी दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी येते, तोपर्यंत शाळा बहुतेक सुरू झालेल्या असतात, मग सुट्टीचा शेवटचा दिवस कुठून आणणार? जपानी एपिसोडमध्ये पितर, दिवे आणि सुट्टी हे तिन्ही एकाच आठवड्यात येतात म्हणून ते जमलंय. आपल्याकडे ते ओढून आणावं लागतं आणि मग नाटकी होतं.

माझं ऐकाल तर शहर सोडा आणि बागलाणात जा, सटाणा, कळवण तिकडे, आखाजीला. अक्षय्य तृतीया म्हणजे पितरांची घागर भरायची, आमरस, खापरावरची पुरणपोळी, झाडांना झोके, गाणी, आणि सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. ऐन उन्हाळ्यात पितर आहेत, जत्रेसारखं वातावरण आहे, आणि परत जाण्याची तारीख पण ठरलेली आहे. सुट्टी मुलांची संपत नाही, पण माहेरवाशिणीची संपते! आणि मुख्य म्हणजे तुम्हाला तुमची वाट बघणारी बाई मिळते. सासरच्या दारात उभी राहून मुराळ्याची, म्हणजे माहेराहून न्यायला येणाऱ्याची, वाट बघणारी मुलगी, भाऊ न्यायला येईल म्हणून. ती कड्यावरची बाई प्रियकराची वाट बघते ते सात वर्षांच्या पोराला नुसतं ऐकून माहीत असतं. भाऊ न्यायला आला नाही हे त्याला आतून कळतं, कारण शाळेच्या गेटवर तो स्वतः उभा राहिलेला असतो, सगळे गेलेत आणि आपल्याला न्यायला कोणी आलेलं नाही. दादाचं प्रेम ठेवायचं तर ठेवा बाजूला, झोक्यापाशी, वीस सेकंद, विनोदी. धाकट्याची नजर ठेवा मुराळ्याच्या रस्त्यावर.

बोर्डाच्या दृष्टीने पण हे तुमच्यासारख्या तीन जणांच्या टीमला परवडतं. दारातली मुलगी स्थिर, पदराची तीन चित्रांची लूप, समोर उन्हात थरथरणारा रस्ता. सगळी चित्रं झोक्यावर खर्च करा, झोका खरा हलला पाहिजे, वर गेल्यावर क्षणभर थांबला पाहिजे, तिथे कंजूषी केलेली दिसते. आणि भूत घालायचंच असेल तर हसवणारं घाला, सहा वर्षांच्या पोराला रात्री झोप नाही लागली तर आयांचे मेसेज तुम्हालाच येणारेत.

शेवटची पाच-सहा पॅनेल आधी काढा, निरोपाची, आणि काही न सांगता एखाद्या पोराला दाखवा. ते पोर थांबलं तर मागचं लिहायला घ्या.

राहिलं मुलीच्या प्रश्नाचं. ती बाई अजून वाट बघते का. भूत खोटं होतं पण बाई खरी होती, कारण अगदी शेवटी सगळे जत्रेत असताना ती खरी बाई येते, गॅस्टलीशी बोलते, आणि परत वाटच बघायला जाते. म्हणजे हो, अजून बघते. तेच सांगा, उगाच तो आला आणि ते सुखाने राहिले असं काही जोडू नका. माझ्या भाच्याला मी हेच सांगितलं तर त्याने विचारलं, मग तिला जेवायला कोण देतं? मी म्हटलं गॅस्टली चिठ्ठ्या विकून पैसे कमावतो ना, तो देत असेल. त्याला ते लगेच पटलं आणि तो झोपायला गेला.